जगज्जेत्याचे सैल हात

रखमाताईंचं नाव आधी घेतो, मग बाकीचं सांगतो. इथे बंगळुरूत आमच्या बॉक्सिंग क्लबात त्या स्वयंपाक करतात, मूळच्या लातूरच्या.

क्लबाच्या भिंतीवर एका जगज्जेत्याचा फोटो आहे, कोर्टाबाहेरचा. मी आठवीत शाळा सोडलेली. खालचं इंग्रजी ताईंनीच लेकीकडून वाचून घेऊन मला सांगितलं. सरकारने लढाईवर चल म्हटल्यावर तो म्हणाला, माझ्या मनाला पटत नाही. त्याचा किताब काढून घेतला. फोटोत त्याचे हात नुसते सैल सोडलेले आहेत. ज्या हातांचा जगाला धाक, ते तेव्हा त्याला किती जड झाले असतील, असं आज सारखं वाटतंय.

कारण काल क्लबाच्या मालकांनी आम्हा पोरांना त्यांच्या एका भाडेकरूला हुसकून लावायला पाठवलं, आणि मी गेलो नाही. "मग क्लबातली खोली सोड," ते म्हणाले.

मी वळकटी बांधत होतो. "तोंड कशाला पाडतोस रे, चॅम्पियन?" ताई म्हणाल्या. "माझ्या पडवीत टाक अंथरूण. घोरलास तर मात्र हाकलीन."

पुढे काय, ही भीती अजून गेलेली नाही. फोटोतल्या त्या माणसाचीही लगेच गेली नसेल. ताई, कधीतरी माझं स्वतःचं दार होईल, तेव्हा त्याची दुसरी किल्ली तुमच्याकडे असेल.