दसऱ्याला खोललेलं पिस्तूल

आमच्या पाड्यावर दसऱ्याला लोखंड खोलून धुतात. वरून पाणी शिंपडून भागत नाही. कोयता मुठीतून काढायचा, पाण्याचं इंजिन सुटं करायचं, आणि त्याच्या पोटातही चिमूटभर कुंकवाचे तांदूळ टाकायचे. माझा बाप असंच करायचा, मीही करतो. मी दुसरीपर्यंत शिकलो, पण माझ्या हातचं इंजिन परत चालू झालं नाही असं तलासरीकडं कोणी म्हणून दाखवावं.

नातीनं बोर्डीच्या शाळेतून छऱ्याचं पिस्तूल घरी आणलं होतं, निशाणा मारायचं. सरांनी सरावाला दिलेलं. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नेमबाजीच्या संघासाठी तिची निवड होती, आणि पिस्तूल नाही तर उभं राहायचं नाही. ती आईबरोबर डहाणूला मावशीकडे गेली होती. घरातलं एवढं लोखंड पूजेवाचून कसं ठेवायचं? मी खोललं. नळीतली आडवी लोखंडी खिळी उपसली, दट्ट्या काढला, जाड स्प्रिंग काढली, रॉकेलनं पुसलं, पूजा केली.

परत जोडायला बसलो तर खिळी जाईना. स्प्रिंग कितीही दाबली तरी बोटभर बाहेरच. भोकासमोर भोक येईना. मी उलटं करून पाहिलं, तेल घातलं, लाकडी मोगरीनं ठोकलं. दट्ट्या हटेना.

तेवढ्यात मुलगा कंपनीतून आला.

"बा, हे कोणी करायला सांगितलं तुला?"

"दसऱ्याला सांगायला लागतं का?"

"मग देवालाच बोलाव जोडायला!"

मला बाजूला ढकलून त्यानं स्प्रिंगवर छाती टाकली. स्प्रिंग सटकली आणि थेट त्याच्या भुवईवर बसली. कातडी फाटली, डोळा रक्तानं भरला. त्यानं रक्त पुसलंही नाही, माझा गळाच धरला. मी मोगरीचा दांडा त्याच्या कानाखाली ओढला. त्यानं गुडघा पोटात घातला. आम्ही दोघं पूजेच्या पाटावर कोसळलो, पाट मोडला.

"लहानपणापासून मारत आलास. आता बस!"

"बापाचा गळा धरतोस? हात तोडून ठेवीन!"

मला दम लागला तसा तो उठला आणि पिस्तुलाची नळी उचलून निघाला. "विहिरीतच टाकतो. ना ते राहील, ना तुझी कारागिरी."

नात कधी आली ते कळलंच नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. बापाच्या मनगटाला चावली आणि त्यानं नळी सोडेपर्यंत चावत राहिली. मग मोगरी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मागं व्हा. जो हलेल त्याचं डोकं फोडीन."

आम्ही मागं झालो. तिनं नळी उजेडाकडे धरली, बांबूची काडी घालून तळ उकरला. लाल तांदूळ बाहेर आले, दट्ट्याखाली दाबून पार वडी झालेले.

"आजा, हे आत कोणी टाकले?"

"पूजा पोटातूनच करायची असते."

"इंजिनाचं तोंड केवढं, याचं केवढं! दिसत नाही का तुला?"

तिनं नळी पुसून दगडावर उभी केली. "आता दोघांनी मिळून दाबा. खिळी मी घालते."

एकट्याच्या जोरानं ती स्प्रिंग बसणारी नव्हती. कपाळाला कपाळ लावून आम्ही दाबायला लागलो. त्याचं रक्त माझ्या हातावर गळत होतं.

"दाब की, जेवला नाहीस का?"

"तू तोंड बंद कर आणि दाब, म्हाताऱ्या!"

भोक समोर आलं. तिनं खिळी आत ठोकली.

छर्रा भरून ती वळली. क्षणभर पिस्तुलाचं तोंड आमच्याकडेच होतं. मी नजर खाली घातली नाही. मग तिनं कुंपणावरच्या मडक्यावर रोखून घोडा ओढला. मडक्याला आरपार भोक पडलं.

"उद्या माझ्याबरोबर कोणी यायचं नाही," ती म्हणाली.

सकाळच्या बसनं ती एकटीच गेली. आम्ही दिवसभर अंगणात दोन टोकांना बसून राहिलो. त्याचा डोळा सुजून बंद झालेला, माझ्या मानेवर त्याची बोटं काळी उठलेली. संध्याकाळी ती आली, आमच्याकडे न बघता आत गेली आणि आईला म्हणाली, "झाली माझी निवड." आम्ही ते कुडाबाहेरून ऐकलं.

मी मुलाला म्हटलं, "बघ. शेवटी जोडलं कोणी?"

तो मुठी आवळून उठला. मग मीही उठलो.