हिरव्या झग्याचे सहाशे खोके

शाईकाकांना व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. छापखान्यात छत्तीस वर्षं ऑफसेट मशिन चालवून ते निवृत्त झाले, पण नखांच्या कडांतली शाई काही निवृत्त झाली नाही, म्हणून नावही तेच राहिलं. गेमचं वेड त्यांच्या लेकीला. किती, तर लग्न ठरवताना मुलाला तिने पहिला प्रश्न विचारला होता, "कंदीलवालाचे किती भाग खेळलास?" तो सातही खेळला होता, म्हणून जावई झाला.

कंदीलवाला म्हणजे लाल झगा घालून, हातात कंदील घेऊन अंधाऱ्या किल्ल्यांतून फिरणारा एक पहारेकरी. सातही भागांच्या खोक्यांवर झगा लालच. फक्त तिसऱ्या भागाचे सहाशे खोके असे निघाले, की त्यांवर झगा हिरवा, गवत लाल, आभाळ गुलाबी आणि पहारेकऱ्याचा चेहरा पोट बिघडल्यासारखा. चाहते या चित्रासाठी जीव टाकत. कुणी म्हणे, चित्रकाराने शत्रूच्या डोळ्यांनी जग दाखवलंय. कुणी म्हणे, पहारेकरी आधीच मेलाय. लेकीने यावर चाळीस पानं लिहिली आणि बापाला दोन बैठकांत वाचून दाखवली. काका 'हं, हं' करत राहिले.

खरी गोष्ट अशी, की एकतीस वर्षांपूर्वी जेवायला जायच्या घाईत शाईकाकांनी निळ्या शाईची प्लेट गुलाबीच्या जागी चढवली, गुलाबीची निळ्याच्या, आणि प्रूफशी ताडून न पाहता मशिन सोडून दिलं. कटिंगवाल्याला वाटलं, परदेशी माल आहे, असेल असंच. तक्रार आठ दिवसांनी आली.

साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "प्लेटवर खूण होती तशी लावली." एवढंच. कुठली प्लेट कुठल्या शाईची, या खुणा करायचं काम भिंगचं. खिशात सदानकदा भिंग असायचं, म्हणून भिंग. साहेब विचारत होते तेव्हा तो तापाने घरी होता. बरा होऊन आला तो थेट गोदामात, आणि पुढची एकोणीस वर्षं पुठ्ठ्याचे गठ्ठे रचत राहिला. वाटेत भेटला की "काय रे" म्हणायचा. काका म्हणायचे, "चाललंय." काकांना त्या दोन शब्दांची इतकी लाज वाटायची, की ते पुष्कळदा रस्ताच बदलत.

आणि परवा लेक धावत आली. "बाबा, हिरवा झगा करणारा माणूस सापडला! तुमच्याच छापखान्याचं जुनं रजिस्टर रद्दीत मिळालं. चूक म्हणून नोंद आहे, पण चूक कसली? त्यांनी मुद्दाम केलं आणि त्यापायी गोदामात गेले! रविवारी सत्कार आहे. तुम्ही ओळखता त्यांना?"

"आमच्याकडेच होता," काका म्हणाले.

रविवारी सकाळी ते भिंगच्या घरी गेले. भिंग शर्टाला इस्त्री करत होता. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तसे काका उभ्याउभ्याच बोलले, "प्लेटा मी उलट्या लावल्या होत्या. तुझ्या खुणा बरोबर होत्या. आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो."

"खुणा बरोबर होत्या ते मला माहितीये," भिंग कॉलर दाबत म्हणाला. "मीच केल्या होत्या ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. वर्षभर थांबलो. मग सवय झाली." त्याने शर्ट उलटवला. "आज नातवंडं येणार आहेत. आजोबा काय काम करायचे, हे त्यांना पहिल्यांदाच कळणार आहे. गोदाम मी भोगलं. आता हेही तूच घेणार?"

वहिनींनी चहा आणला तो काका गरम गरमच प्यायले.

संध्याकाळी हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, त्यांतली निम्मी हिरवे झगे घालून. भिंग व्यासपीठावर ताठ बसला होता. एका चाहतीने माइक हातात घेऊन विचारलं, "हिरवाच का?"

भिंगने पहिल्या रांगेकडे पाहिलं. काकांनी मान खाली घातली.

"लाल काय, कुणीही करतं," भिंग म्हणाला.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. लेक तर चक्क रडायला लागली. काकाही उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि बाकीचे दमून खाली बसले तरी थांबेनात.

"बाबा, बसा आता," लेकीने त्यांचा सदरा ओढला. "त्यांच्यासाठी आहे हे सगळं."

"माहितीये मला," काका म्हणाले, आणि वाजवतच राहिले.