ओलं फडकं आणि थांबाताई

आमच्या संगणकाला जावयानं आंघोळ घातली, असं माझे सासरे भेटेल त्याला सांगतात. ही चक्क बदनामी आहे. मी तो फक्त ओल्या फडक्यानं पुसला. आता आतून पुसला, ही गोष्ट वेगळी.

संगणक तेरा वर्षांचा. बटण दाबलं की आधी नुसता सुस्कारा टाकायचा. मग तुम्ही दाढी करून या, वर्तमानपत्र वाचा, शेजाऱ्याशी भांडून समेटही करून या, तेव्हा कुठे पडद्यावर बाण उगवायचा आणि तोही चिखलातून चालल्यासारखा सरकायचा. अशा यंत्रावर सासरे चार वर्षं रोज सकाळी एका बोटानं आत्मचरित्र टाइप करत होते. सगळी हयात पाणीपुरवठा खात्यात गेलेली, म्हणून पुस्तकाचं नाव 'नळ आणि मी'. तीनशे चाळीस पानं भरली होती. शनिवारी खात्यातल्या जुन्या सोबत्यांना बोलावून त्यातली पानं वाचून दाखवायची, असं ठरलं होतं. त्या दिवशी संगणकानं चारचौघांत लाज काढू नये, एवढाच माझा शुद्ध हेतू. आत धूळ साचली की यंत्र मंदावतं, असं कुणीतरी म्हणालं होतं. सोमवारी सकाळी मी झाकण उघडलं. धूळ होती. फडकं होतं. बादलीही जवळच होती.

पुसून झाल्यावर बटण दाबलं. सुस्कारासुद्धा आला नाही.

"बाबा," मी हळूच विचारलं, "पुस्तकाची दुसरी प्रत असेलच ना कुठे?"

"एकाच माणसाचं आयुष्य," सासरे म्हणाले, "प्रती किती काढायच्या?"

आणि ते सोफ्यावर जाऊन भिंतीकडे बघत बसले.  बायकोनं फडकं उचललं, माझ्या डोळ्यांत बघत सावकाश पिळलं आणि दोरीवर टाकलं. मी संगणक चादरीत गुंडाळला आणि थांबाताईंकडे धाव घेतली.

थांबाताई म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिंप्याची बायको. दुकान एकच, मधोमध कापाकापीचं टेबल. टेबलाच्या अलीकडे नवरा पँटी शिवतो, पलीकडे ही संगणक उघडून बसते. एकाच पत्र्याच्या डब्यात बटणं, हूक आणि स्क्रू सुखानं नांदतात. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याचं शिलाई मशीन सारखं अडायचं. तिनं ते स्वतःच खोलून दुरुस्त केलं. मग गल्लीतली मशिनं येऊ लागली. एकदा शाळेतला कारकून ऑफिसचा संगणक घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, हेही मशीनच आहे." हिनं चार दिवस त्याच्याकडे नुसतं पाहिलं, पाचव्या दिवशी स्क्रू काढला. त्या गोष्टीला वीस वर्षं झाली. अजूनही धूळ काढायला तिच्याकडे शिलाई मशिनचाच ब्रश आहे आणि चष्मा मापाच्या जुन्या टेपला बांधून गळ्यात अडकवलेला.

मात्र तिची खरी तऱ्हा वेगळीच. ती आधी यंत्राचं नाही, माणसाचं माप घेते. नवऱ्याच्याच जाड वहीत, छाती-कंबर-उंचीच्या रकान्यांखाली, ती संगणकाचं वय, तक्रार आणि शेवटी मालकाचा स्वभाव लिहिते.

"पुसल्यावर बटण किती वेळा दाबलं?" ताईंनी चादर सोडत विचारलं.

"एकदाच."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दोनदा."

त्या पाहतच राहिल्या.

"चारदा," मी म्हणालो. "पाचव्यांदा बायकोनं हात धरला."

"मापाला उभे राहिले की सगळेच पोट आत घेतात," पलीकडून शिंपी मशीन न थांबवता म्हणाला.

ताईंनी संगणकाचे सगळे अवयव सुटे केले, कोरड्या सुती कापडावर मांडले आणि म्हणाल्या, "बुधवारपर्यंत वाळू दे. तोवर कुणी वीज लावायची नाही."

"ताई, पुस्तक तेवढं वाचेल ना? सासरे दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत."

"डिस्कपर्यंत तुमचं फडकं पोचलेलं दिसत नाही. पण थांबा."

'थांबा' हा त्यांचा मंत्र. त्यावरूनच नाव पडलं. मंगळवारी मी दुकानात तीनदा गेलो, तीनदा "थांबा" ऐकून परत आलो. घरी सासरे जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे मीठ मागायचं असलं तरी मुलीला सांगत, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मीठ."

बुधवारी ताईंनी पंख्याच्या पात्यांतून ब्रशनं राखाडी केसांचा गोळा ओढून काढला. आमचं मांजर ऊब मिळते म्हणून संगणकाच्या पाठीशी झोपतं. गोळा निघतच राहिला.

"यात अजून एक मांजर होईल," शिंपी म्हणाला. "शिवून देऊ का?"

मग तारा जोडल्या. ताईंनी बटण दाबलं.  आधी अंधार, मग तोच ओळखीचा सुस्कारा. आयुष्यात कुणाचा सुस्कारा ऐकून मी इतका आनंदलो नव्हतो. बऱ्याच वेळानं पडद्यावर 'नळ आणि मी' दिसलं आणि मी उडी मारून माउस पकडला. टक, टक, टक, टक.

फाटकन माझ्या मनगटावर लाकडी पट्टी बसली. "थांबा! एकदा दाबलं की हात मांडीवर."

"अहो, उघडत नव्हतं म्हणून..."

"उघडत होतं. तुम्ही चारदा सांगितलं, म्हणून ते चारदा उघडतंय. घरात एकाला चौघांनी चार कामं सांगितली तर तो तरी काय करेल?"

पुढचा अर्धा तास मी मांडीवर हात ठेवून बसलो आणि माझ्या संगणकाची अब्रू वेशीवर टांगली गेली. व्हायरस येऊ नये म्हणून मी तीन वेगवेगळे पहारेकरी बसवले होते. ते तिघं दिवसभर एकमेकांचेच खिसे तपासत होते. ताईंनी एक ठेवला, दोघांना घरी पाठवलं. सुरू होताना आपोआप उठणारे एकोणचाळीस प्रोग्राम निघाले. त्यांतला एक तर सहा वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या प्रिंटरची रोज सकाळी वाट बघत होता. मला एकदम गलबलून आलं.

"याला राहू द्या ना," मी म्हणालो.

"बाहेर," ताई म्हणाल्या.

शेवटी त्यांनी आधी सासऱ्यांच्या पुस्तकाच्या दोन प्रती काढल्या, मग जुनी डिस्क बदलून नवी चपळ डिस्क बसवली, मेमरीची पट्टी वाढवली आणि खडूनं संगणकाच्या डब्यावर तारीख टाकली. वहीतला शेवटचा रकाना मी तिरक्या नजरेनं वाचला. 'मालक : उतावळा. कपडा सैल ठेवणे.'

शुक्रवारी घरी बटण दाबलं आणि मी सवयीनं दाढी करायला वळलो. "जावईबापू, झाला की हो सुरू!" सासरे ओरडले. चार दिवसांनी त्यांनी थेट माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी एका गालावर साबण घेऊन तसाच उभा राहिलो.

शनिवारी दुपारी बैठकीच्या खोलीत खात्यातले बावीस सोबती जमले. पहिल्या रांगेत सासूबाई, मागच्या खुर्च्यांवर ताई आणि शिंपी. सासऱ्यांनी अक्षरं मोठी करून पडद्यावरूनच वाचायला घेतलं. "...आणि त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगी पाहताक्षणी मी..." इथे पान संपलं. सासऱ्यांनी चार वर्षांच्या सवयीनं पान उलटायचं बटण दाबलं: टक, टक, टक, टक, टक. पूर्वी एवढ्या ठोक्यांत कसंबसं एक पान हलायचं. मग पडद्याकडे न बघताच ते तसेच ठोके देत राहिले. नव्या डिस्कनं एकही ठोका वाया जाऊ दिला नाही.

"...पाहताक्षणी मी," सासरे खणखणीत आवाजात वाचते झाले, "मुख्य झडप बंद करण्याचा आदेश दिला आणि सेवानिवृत्त झालो."

 मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. "आणि मधली बत्तीस वर्षं? दोन बाळंतपणं? कुठं गेलं सगळं?"

"होतं गं, इथंच होतं!" सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक. "जावईबापूंनी धुऊन टाकलं!" आणि ते घाबरून आणखी टकटकू लागले. पानं उलटी-सुलटी पळू लागली, नळ फुटले, टाक्या वाहिल्या, मुली जन्मल्या, परत निवृत्ती. बावीस जणांचे चव्वेचाळीस डोळे माझ्याकडे.

"थांबा!" मागून आवाज आला.

सासऱ्यांचे हात मांडीवर गेले. माझेही गेले. पाणीपुरवठा खात्यातल्या बावीस जणांचेही गेले. सासूबाई मटकन खाली बसल्या. ताई पुढे आल्या, लग्नाचं पान शोधून दिलं आणि म्हणाल्या, "आता एकदाच दाबा. मग वाट बघू नका, ते आलेलं असतं."

सासऱ्यांनी श्वास रोखून एकदाच दाबलं. "पाहताक्षणी मी," ते वाचू लागले, "तिच्या वडिलांना म्हणालो, तुमच्या नळाला दाब कमी आहे." सासूबाई पदराआड हसल्या. पुढचे दोन तास कुणी खुर्चीतून हललं नाही. मीसुद्धा, कारण मांडीवरचे हात काढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

निघताना मी ताईंना दारापर्यंत सोडायला गेलो. "ताई, आता हा संगणक किती वर्षं चालेल?"

त्यांनी चष्मा टेपवर सोडला.

"ते फडकं कुठे ठेवता त्यावर आहे."