पावसाची जागा

आमच्याकडं, परभणीच्या बाजूला, दार बसवताना फट राहिली तर सुताराला नावं ठेवतात. फटीतून धूळ येते, फुफाटा येतो, उन्हाळ्यात लाकूड आणखी आकसतं आणि वारा सुटला की दार रात्रंदिवस वाजत राहतं. तेव्हा दार कसं पाहिजे, तर पोस्टकार्डसुद्धा मधून जाणार नाही असं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. रोह्याला आल्यावर तेच माझ्या अंगाशी आलं, आणि माझ्यापेक्षा जास्त एका म्हाताऱ्या बाईच्या.

मी रोह्याला आलो तो कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली गोण्या उचलायला. सातवीनंतर माझी शाळा बंद झाली होती. आठवीची शाळा तालुक्याला होती आणि घरी म्हशी होत्या, एवढंच कारण. पुलापलीकडं, अष्टमी गावात, सहा जणांत एक खोली. पहिली शिफ्ट असली की दुपारनंतर काय करायचं कळायचं नाही. मी पुलावर उभा राहायचो, कुंडलिकेचं पाणी बघायचो आणि मनात भीती मोजायचो. ठेकेदार काढेल का, आई आजारी पडली तर कोण कळवेल, या लोकांना माझं बोलणं हसण्यासारखं वाटतं का. भीतीला काही कमी नव्हतं.

एका रविवारी वरसे गावाकडं जाताना एका वाडीत रंधा मारल्याचा आवाज आला. माझे आजोबा औतं दुरुस्त करायचे, तो आवाज माझ्या ओळखीचा. कुंपणापाशी थांबलो. आत पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच पुरुष होते, सगळे पन्नाशीच्या पुढचे. एक जण कंपनीतून निवृत्त, एक एस.टी.चा जुना ड्रायव्हर, एक खांब गावचा भातवाला शेतकरी. यांच्यात खरा सुतार एकच, त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. बाकीचे हौशी. कंपनीच्या मशिनी ज्या खोक्यांतून यायच्या त्या खोक्यांच्या फळ्या आणायच्या, खिळे उपसायचे आणि कुणाला लागेल ते करून द्यायचं. अंगणवाडीला पाट, फाट्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्यांना बाकडं, पाणपोईचं मडकं ठेवायला तिवई. दर रविवारी सकाळी, चहा ज्याच्या त्याच्या पाळीनं.

"काय बगतोस? चोरायचं हाय का काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

मी म्हणालो, "न्हाई, बघायलोय नुसतं."

"बघायलोय!" तो खूश झाला. "ऐकलंत का? पावना बघायलाय. ये आत, गोनी धर ह्या बाजूला."

गोनी म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. मी ती धरली आणि मग दोन वर्षं रविवार चुकवला नाही. मला तिथं कुणी शाळा विचारली नाही, जात विचारली नाही. फक्त एकदा मिस्त्रीनं टेप हातात दिला आणि म्हणाला, "दोन फूट सात इंच तीन सूत." इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. मला इंचापर्यंत यायचं, पुढच्या बारीक रेघा डोळ्यांपुढं नाचायच्या. मी टेप धरून नुसता उभा. मिस्त्रीनं टेप परत घेतला. दुसऱ्या रविवारी त्यानं एक सरळ पट्टी आणली, तिच्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टेप लय खोटं बोलतो. आजपासून मापाची काठी." प्रत्येक कामाला नवी काठी, तिच्यावर त्या कामाच्या खुणा. हे माझ्यासाठी केलंय, हे सगळ्यांना कळलं होतं. कुणी हसलं नाही.

आमच्यात एक दादा होते, अष्टमीलाच राहायचे, कंपनीत बॉयलरवर. मूळचे पेणच्या खाडीकडचे, बापजाद्यांची मिठागरावर मजुरी. त्यांची आय अजून गावीच. सत्तरी ओलांडलेली, पडवीत घसरून कंबर दुखावलेली, पण अष्टमीला यायला तयार नाही. तिची आंघोळीची जागा परसात, चार बांबू आणि पोत्याचा पडदा. आता तिला आत वेळ लागायचा, स्टुलावर बसावं लागायचं, आणि वारा आला की पडदा उडायचा.

दादांनी सांगितलं, "आय म्हणते, उभा जन्म पोत्यामागं आंघोळ केली. एकदा आतून कडी लावून करूदे, मग मेले तरी चालंल."

"मग करूया की," मिस्त्री म्हणाला.

तीन बाजूंना विटा दादांनी चढवल्या, वर पत्रा घातला. दार आमच्याकडं. खांबला एक जुनं घर मोडलं होतं, तिथली सागाची चौकट मिळाली. फळ्या खोक्याच्या. मिस्त्रीनं काठीवर खुणा केल्या आणि दाराचं काम मला दिलं. एकट्याला. तोवर मी फक्त धरणारा होतो.

"कडीच्या बाजूला एक सूत सोडलाय," त्यानं खुणेवर बोट ठेवलं. "पावसाची जागा हाय ती. खुणेवरच काप."

मी मान हलवली. पण ती फट माझ्या डोळ्यांपुढून जाईना. वाटलं, हे लोक खोक्याच्या लाकडावर हौसेनं काम करतात, यांना चालत असेल. मी पहिलंच दार करतोय, परमुलखातला. आय म्हणेल, हे कसलं दार, उजेड दिसतोय आतून. खुणेच्या बाहेरून कापलं. मग रंध्यानं घासत घासत, पोस्टकार्ड लावून बघत, असं बसवलं की मिटल्यावर रेघसुद्धा कळेना. वैशाखातले दिवस. पेणला जाऊन आम्ही तिघांनी ते लावलं, मी, दादा आणि मिस्त्री. मिस्त्रीनं दाराच्या कडेवरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलं, आणि "सफाई हाय हाताला" एवढंच म्हणाला. आयनं आत जाऊन कडी लावली, काढली, लावली, काढली. बाहेर येऊन म्हणाली, "राजाची राणी झाले गो मी." शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. येताना एस.टी.त मला झोप आली नाही, इतका मी खूश होतो. रोह्याला उतरल्यावर पीसीओवरून गावातल्या दुकानात फोन लावला, आईला बोलावून घ्यायला सांगितलं आणि तिला म्हणालो, मी दार केलं. ती म्हणाली, "कुणाचं?" मी म्हणालो, "आहे एक म्हातारी. तुझ्यासारखीच."

आषाढात दादा एका रविवारी उशिरा आले.

"मिस्त्री, आयनं तुमाला रामराम सांगितलाय," ते हसत म्हणाले, पण चेहरा हसण्यासारखा नव्हता. "सकाळी आंघोळीला गेली, ती दुपारी बाहेर आली. दार फुगून बसलं चौकटीत. सगळी माणसं लावणीला. ही आतून हाका मारते, तर पत्र्यावर पाऊस नुसता कोसळतोय. शेजारीण शेतावरनं भाकरी न्यायला आली तवा कळलं. पहार घालून काढली."

ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, आता जेलच्या दारांचा ठेका घ्या तुमी." मग आपलाच विनोद त्याला नको झाला. "बरी हाय ना पन म्हातारी?"

"बरी हाय. पन आता कडी नको म्हणते. दार सताड उघडं टाकून पुन्हा पोतं बांधलंय."

"खोक्याचं लाकूडच तसलं," खांबवाले म्हणाले. "पाणी पितं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. एक म्हातारी बाई ओल्या अंगानं, दुखऱ्या कमरेनं, सकाळपासून दुपारपर्यंत, मी सफाईनं बंद केलेल्या दारामागं. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. वाटलं, सांगितलं तर हे लोक माझ्या हातातली काठी काढून घेतील, आणि रविवार गेला तर या गावात मला काय उरतं? पूर्ण आठवडा गोण्या उचलताना मला ती पत्र्यावरच्या पावसातली हाक ऐकू यायची. जेवण उतरेना. खोलीतले म्हणाले, गावाकडं काही झालं का? मी म्हणालो, नाही, इकडंच.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं परत पेणला गेलो. मिस्त्रीनं पिशवीतून रंधा काढला, मग दाराची मापाची काठी काढली. तो ती दाराला लावणार एवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्री, काठी लावू नका."

तो थांबला.

"लाकडाचं काही नाही. मीच जागा सोडली नाही. खुणेच्या बाहेरनं कापलं. फट दिसली असती म्हणून."

दादा माझ्याकडं बघत राहिले. त्यांची आय होती ती. मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

मिस्त्री खाली बसला, काठी मांडीवर ठेवली. "ठाऊक हाय मला. लावलं त्याच दिवशी हात फिरवला, तवाच कळलं. बोलायला पायजे व्हतं. पन तू असा उभा व्हतास, नवरदेवासारखा. म्हटलं, पोर घर सोडून आलंय, पयलंच काम, आज नको. पुढच्या फेरीला घासू. पुढची फेरी राहून गेली." मग दादांकडं वळून म्हणाला, "काय बोलायचं ते मलाबी बोल. चूक दोघांची हाय."

दादांनी उघडं दार एकदा ढकलून बघितलं. मग म्हणाले, "आयला सांगा. तिला बोलू दे."

आय पडवीत सूप घेऊन बसली होती. मी पाया पडलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सूप थांबलं नाही.

"तुज्या मुलखात पाऊस नाय?"

"असतो. पण एवढा नाही. आमच्याकडं दारं आकसतात."

"आनि मानसं?"

मी तिच्या सुपातला एक खडा वेचला.

"लय शिव्या घातल्या मी तुला आत बसून," ती म्हणाली. "नाव ठाऊक नाय, म्हणून परभणीवाल्या परभणीवाल्या करून घातल्या. मग शिव्या संपल्या, तवा तुज्या आयचा इचार आला. तिला ठाऊक तरी हाय का तिचं पोर कुठं दारं लावतंय." सूप बाजूला ठेवलं. "उपाशी दिसतोस. भाकरी खा आधी."

तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. आठवड्यात पहिल्यांदा जेवण उतरलं.

दार मात्र मिस्त्रीनं मला पुरतं घासू दिलं नाही. भर पावसात फुगलेलं लाकूड आता घासलंस तर उन्हाळ्यात मांजर जाईल मधून, म्हणाला. हलेल एवढंच घास, बाकी दिवाळीनंतर. तसं केलं. दार चालायला लागलं. पण आयनं पोतं काढलं नाही.

मग मी महिन्यातून एका रविवारी तिकडं जायला लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. गेलो की आत शिरून स्वतः कडी लावायचो, दहा मोजायचो आणि बाहेर यायचो. "बघा आय, निघालो."

"तूच कर आंघोळ रोज," ती म्हणायची. "मला पोतं बरं."

दिवाळी झाली. लाकूड सुकलं, तेव्हा मिस्त्रीला घेऊन गेलो आणि काठी लावून, खुणेवर, बरोबर खुणेवर घासलं. कडीच्या बाजूला एक सूत फट राहिली. दुपारी त्या फटीतून उन्हाची एक उभी रेघ आत पडली. मला कसंतरीच झालं. आय आत डोकावली, रेघ बघितली. "येऊंदे थोडा उजेड," म्हणाली. "काळोखात बसलेय मी तिथं." पण पोतं तसंच. "पुढच्या आषाढात बगू."

हिवाळा, उन्हाळा गेला. आषाढात मी दोन दिवसांची रजा मागितली. ठेकेदार म्हणाला, घरी काही आहे का? मी हो म्हणालो.

गेलो तेव्हा पाऊस असा, की समोरचं शेत दिसत नव्हतं. आधी दार बघितलं. फट नव्हती. पावसानं आपली जागा पुरती भरून घेतली होती, आणि तरी दार एका बोटानं हललं. मी तिला हलवून दाखवलं. एकदा, दोनदा. तिनं मला चुलीवरचं पाणी उतरवायला सांगितलं. मी बादली आत नेऊन ठेवली, स्टूल ठेवलं, बाहेर आलो. ती भिंतीला धरत धरत आली, पोत्यापाशी थांबली, गाठ सोडली आणि पोतं माझ्या हातात दिलं. आत गेली. दार मिटलं.

मी ओलं पोतं धरून पागोळ्यांखाली उभा. पत्र्यावर एवढा आवाज, की दुसरं काही ऐकू येईना. पुढं सरकलो, दाराला कान लावावा म्हणून. तेवढ्यात आतून कडी सरकली. लाकडात लोखंड बसल्याचा आवाज पावसातूनही वेगळा कळतो. मी तिथंच थांबलो. पाणी ओतल्याचा आवाज आला. थांबला. परत आला. मी दारावर तळवा ठेवला, उगीच, ते अजून हलतंय का बघायला.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

"मी. आय, मीच."

"मग हो की बाजूला! बाईमानूस आंघोळीला बसलंय, कळत नाय का?"

मी बाजूला झालो.