लसणीच्या शेवया

“लसूण? शेवयांत लसूण? अगं, शेवयांत गूळ सोडून काय घालतं का कुणी?” सासूबाई ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की पळसदरीत ओरडल्या तर कर्जत स्टेशनात उभ्या गाडीतली माणसं खाली उतरतील.

मी लसूण ठेचतच राहिले. “आत्याबाई, चिनी लोक असंच खातात. यांनीच सांगितलंय.”

“चिन्यांच्यात सासवा नसतील.”

आमचे हे रंगूनच्या गोदीत मुकादम होते. जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा निघाले, डोंगर तुडवत आसामात पोचले आणि तिथून आगगाडीनं घरी. गेले तेव्हा दारातून तिरके होऊन जावं लागायचं. आले तेव्हा दार न उघडता, फटीतूनच आत घेता आले असते. वाटेत काय झालं ते विचारायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी उमगलं. पण जेवण काही जाईना. भाकरी कुस्करून ठेवायचे. भात नको, पेजही नको. वैद्य नाडी धरून म्हणाला, “पोटात अन्न गेलं नाही तर हा यंदाचा पाऊस बघायचा नाही.” मुलगा पोटभर जेवेपर्यंत घरात मासळी-अंडं येणार नाही, असा शब्द सासूबाईंनी त्याच दिवशी देवीला दिला.

पूर्वी रजेवर आले की हे तिथल्या एका चिन्याच्या शेवयांचं वर्णन करायचे. असं करायचे, की गोठ्यातले बैल रवंथ थांबवून ऐकायचे. तेवढ्याच आठवणीवर मी चूल पेटवली. तांदळाची उकड लाकडी साच्यात भरली आणि आम्ही दोघी सासवा-सुना दांड्याला लोंबकळलो. साचा असा करकरला, की कोंडाण्याच्या लेण्यांतली वटवाघळं उठली असतील. शेवया वाफवून गार पाण्यात सोडल्या. तिळाच्या तेलात लसूण, मिरची, नेरळच्या बाजारातला कोबी, कांद्याची पात. चिन्याचं ते काळं खारट पाणी कुठून आणू? कोकमाचं आगळ ओतलं.

घागर घेऊन विहिरीवर जाऊन आले, तर सासूबाई कढईवर घाईनं झाकण टाकत होत्या. बोटं चिकट.

“गूळ घातलात?”

“मूठभर. पोरगा एवढ्या लांबून जिता आला. त्याला काय तिखट शेवया वाढायच्या?”

मी रागानं आणखी लसूण टाकली. त्यांनी माझ्यादेखत आणखी गूळ टाकला. शेवटी कढईत जे झालं ते चिन्यानं पाहिलं असतं तर तोही चालत आसामात गेला असता.

ताट पुढं ठेवलं. यांनी एक शेवई उचलली, तोंडात सोडली. मग घास. मग दुसरा. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. ताट रिकामं झालं. दुसऱ्यांदा वाढलं, तेही संपलं.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “बघ. गूळ नसता तर गेलं असतं का?”

“लसणीनं गेलं, आत्याबाई.”

“काय रं, तूच सांग,” त्या यांच्याकडे वळल्या. “कशानं चव आली?”

यांनी ताटात हात धुतला.

“चव कुठली, आई. डोंगरात ताप आला तेव्हापासून मला कशाचीच चव लागत नाय. हे गिळायला सोपं पडलं.”