तीन खुर्च्या वेगळ्या

समोरचा माणूस बसला असेल तसे सर बसायचे. तो टेकला की हे टेकणार, तो पुढे वाकला की हे पुढे वाकणार. पहिल्या भेटीत मी धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या मंगल कार्यालयाच्या पायरीवर उकिडवा बसलो होतो, तर हा माणूस इस्त्रीची पॅंट घालून माझ्या शेजारी उकिडवा बसला. मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हणालो, "साहेब, नक्कल करता का माझी?" ते म्हणाले, "नक्कल केली असती तर चार माणसं हसली असती, नाना. मी तुमच्या उंचीवर आलो. उभ्यानं बोललो असतो तर तुम्ही मान वर करून ऐकलं असतं आणि मनात शिवी दिली असती." ते खरंच होतं. शिवी माझ्या तोंडात तयार होती. उठताना त्यांचे गुडघे कडकड वाजले, मग मीच हात दिला.

मी त्या कार्यालयाचा राखणदार. शाळा चौथीत सुटली. शिंदखेड्याकडचा आमचा गाव कोरडा, म्हणून उमेदीची वर्षं चोपड्याकडे केळी कापण्यात गेली. खांद्यावर दुमडलेलं पोतं, त्यावर केळीचा घड, आणि बागेतल्या चिखलातून ट्रकपर्यंत चालायचं. खांदा गेला तेव्हा धुळ्याला आलो आणि कार्यालयाच्या किल्ल्या हातात आल्या. लग्न असलं की चारशे खुर्च्या मांडायच्या, नसलं की पुसायच्या. सरांनी वरचा छोटा हॉल रविवारचा घेतला होता. दर रविवारी पांझरेच्या पुलावरून पायी यायचे आणि जिन्यातून हाक मारायचे, "नाना, तीन खुर्च्या वेगळ्या!" बाकीच्या रांगेत, आणि ह्या तीन पुढे, तोंडं एकमेकांकडे करून. त्यावरून सगळे त्यांना खुर्चीवाले सर म्हणायला लागले.

दारावर त्यांनी पाटी लावली होती: 'एन.एल.पी. बोलण्याची आणि स्वतःला सांभाळण्याची विद्या.' लोक मलाच विचारायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हा एल.आय.सी.चा भाऊ शे का?" मी सांगितलं, "पॉलिसी नाही, हप्ता नाही, नुसतं बोलणं आहे." तो म्हणाला, "मग घरी काय कमी शे?" सरांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले, आणि त्या दिवशीचा वर्ग त्यांनी त्याच वाक्यापासून सुरू केला.

त्या विद्येचं पुरं इंग्रजी नाव मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पूर्वी सर बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर होते. खेडोपाडी बोलून बोलून आवाज घोगरा झालेला. तिथंच कुठंतरी हे शिकले. मी एकदा सरळ विचारलं, "हे खरं असतं का हो सगळं?" ते म्हणाले, "मोठमोठे शिकलेले लोक म्हणतात यात दम नाही. असेलही. मी एवढंच सांगतो, करून बघा. अंगी लागलं तर ठेवा, नाही तर इथंच सोडून जा, नाना झाडून टाकतील." मला हा माणूस तिथं आवडला. आपला माल वाईट असू शकतो असं स्वतःच म्हणणारा विकणारा मी दुसरा बघितला नाही.

वर्गात पहिल्या महिन्यात पंचवीस माणसं होती. दुकानदार, दोन शिक्षिका, कॉलेजची पोरं. मग बारा झाली, मग पाच. सर पाच जणांनाही पंचवीस असल्यासारखं शिकवायचे. मी दाराशी बसून ऐकायचो. ऐकत नाही असं दाखवायचो. एक शिकवण होती, मन हललं की धरायची खूण. आयुष्यात आपण कधी ताठ उभे होतो तो क्षण आठवायचा, डोळे मिटून पुरता आठवायचा, आणि त्याच वेळी अंगावरची एक जागा दाबायची. पुन्हा पुन्हा केलं की पुढं नुसती जागा दाबली तरी तो जोर परत येतो म्हणे. पोरं अंगठा आणि बोट दाबायची. माझा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. घड घेऊन मी कधी पडलो नाही, एकदाही नाही. सरांनी ते आतून पाहिलं, पण वर्गासमोर बोलले नाहीत. जाताना फक्त म्हणाले, "नाना, जागा चांगली निवडली."

दुसरी त्यांची सवय मला फार खुपायची. आपण काही ठाम बोललं की त्यातला एक शब्द उचलून ते आपल्यालाच परत द्यायचे. मी म्हणालो, "आजकालची लेकरं बापाचं कधीच ऐकत नाहीत." ते म्हणाले, "कधीच?" मी म्हणालो, "माझी लेक माझ्याशी बोलतच नाही." ते म्हणाले, "बोलतच नाही. कोणत्या दिवसापासून?" आता दिवस मला चांगला ठाऊक होता. म्हणून मी उठलो आणि खुर्च्या पुसायला गेलो. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

सांगतो तो दिवस. आमच्याकडे जुनी चाल आहे, लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही. माझ्या आज्यानं पाळली, बापानं पाळली. मी चार अंगुळं जास्तच पाळली. सुमनला चोपड्याकडच्या घरात दिली, माणसं केळीच्या बागेतली, माझ्या ओळखीची. तिच्याकडे जाताना मी शेंगदाणे, मूगडाळ, लसणाची चटणी न्यायचो आणि पाण्याची बाटली स्वतःची न्यायचो. चहासुद्धा नाही. पहिल्या वर्षी ती हसली. "पुढल्या वर्षी जेवशाल नाना." पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. पाच वर्षांनी तिनं पुढल्या वर्षाचं नाव काढणं सोडलं. तरी मी जायचो तेव्हा ती कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची. भरताचा वास घेत मी ओट्यावर बसायचो आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्यायचो. दवाखाने झाले, जळगावचे, नाशिकचे. काही झालं नाही. बाराव्या वर्षी ती ताट घेऊन थेट बाहेर आली. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांदा. ताट पुढं धरून उभी राहिली. मी हात जोडले आणि मायेनं म्हणालो, "अजून वेळ आली नाही, पोरी."

मायेनंच म्हणालो. माझ्या मनात होतं की वेळ येणार आहे, मी आशा सोडलेली नाही. तिनं ताट खाली ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर चार वर्षं तिचा फोन नाही. जावई भला माणूस, दिवाळीला तोच दोन शब्द बोलायचा. मीही गेलो नाही. बापानं का जायचं? चाल मी मोडली नव्हती, आवाज चढवला नव्हता. माझं काय चुकलं ते कोणी दाखवून द्यावं, असं मी स्वतःशीच भांडायचो. बायको असती तर तिनं दाखवलं असतं. ती आधीच गेलेली.

एका वैशाखातल्या रविवारी वर्गाला एकही माणूस आला नाही. लाईट नव्हती. सर तासभर वाट बघून घाम पुसत बसले. मी खुर्च्या उचलायला लागलो तर म्हणाले, "त्या तीन राहू द्या. बसा."

"मी मांडणारा माणूस, सर. बसणारा नाही."

"आज माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक नाही. माझ्यावर उपकार म्हणून बसा."

उपकार म्हटल्यावर बसलो. पहिल्या खुर्चीत सरांनी मला मी म्हणूनच बसवलं आणि लेकीची गोष्ट सांगायला लावली. वर सांगितली ती सगळी सांगितली, बारा वर्षांची. मधे त्यांनी माझा एकही शब्द उचलून परत दिला नाही. मग म्हणाले, "आता दुसऱ्या खुर्चीत. तिथं तुम्ही नाना नाही. तिथं सुमन."

"मिशी काढून येऊ का?"

"मिशीसकट चालेल. मोकळ्या खुर्चीकडे बघा. तिथं कोण उभा आहे?"

"बाप."

"हातात काय?"

"पिशवी. बाटली."

"तुमच्या हातात काय आहे, सुमनताई?"

ताई म्हणाले ते मला. मी हसणार होतो. पण माझे दोन्ही हात पुढे आले होते, ताट धरल्यासारखे, आणि ते जड झाले होते. सर हळू आवाजात म्हणाले, "तो काय म्हणाला?" मी म्हणालो, "म्हणाला, अजून वेळ आली नाही." ते म्हणाले, "तो काय म्हणाला ते कळलं. तुम्हाला काय पोचलं?"

 मग माझ्या तोंडून निघालं, "पोचलं की मी वांझ आहे आणि माझ्या हातचं चालत नाही. आणि हा माणूस दरवर्षी तेच सांगायला दोनदा एसटी बदलून येतो."

सरांनी लगेच तिसऱ्या खुर्चीत नेलं, तिऱ्हाइताच्या. म्हणाले, "रस्त्यानं जाणारा माणूस आहात. त्या ओट्याकडे नजर गेली. काय दिसतं?" मी म्हणालो, "दोन माणसं. मधे ताट. दोघं उपाशी."

एवढंच. त्यांनी उपदेश केला नाही, जा म्हणाले नाहीत. तिन्ही खुर्च्या स्वतः उचलल्या. मला आतून राग आला होता, म्हणून मी टोमणा मारला, "तुम्ही तुमच्या पोराशी बसता का असं?" त्यांचा मुलगा सुरतेला होता. वर्षातून एखादा फोन, हे मला माहीत होतं. सर म्हणाले, "बसतो. त्याच्या खुर्चीतून बघितलं की मी फार बोलताना दिसतो." आणि थकल्यासारखे हसले. सगळ्यांना बोलायला शिकवून हा माणूस किती दमला होता ते मला त्या दिवशी दिसलं.

लगेच चोपड्याची गाडी धरली असं कोणी समजू नये. माझा स्वभाव तसा नाही. खुर्चीत बसून उठल्यानं बापाची चाल मोडत नाही, असं मी महिनोन्‌महिने घोकत राहिलो. तेवढ्यात सरांनी वर्ग बंद केला. मुलाकडे सुरतेला निघाले. पाटी काढायला मीच शिडीवर चढलो. जाताना त्यांनी वहीच्या कागदावर फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला आणि म्हणाले, "नाना, कधी गेलातच तर काय पोचलं ते कळवा." मी म्हणालो, "जाणार नाही मी." ते म्हणाले, "बरं. तेही कळवा."

थंडी पडल्यावर एकदा कार्यालयात भरीत-पार्टी होती. पऱ्हाट्यांचा धूर वरच्या हॉलपर्यंत आला आणि माझं कशात लक्ष लागेना. मी तो नंबर लावला. जाणार नाही हेच सांगायचं होतं, पण कोणाला तरी सांगायचं होतं. फोन मुलानं उचलला. म्हणाला, "बाबा गेले, काका. दिवाळीआधी. झोपेतच." मी नाव सांगितलं तर म्हणाला, "खुर्च्यांचे नाना ना? बाबा सांगायचे."  मग तो स्वतःहून म्हणाला, "इथं आल्यावर ते फार बोलायचेच नाहीत. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायचे. मी बसेन तसे. आधी मला कळेना, मग सवय झाली. आता ती खुर्ची बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. अमळनेरला गाडी बदलली, चोपड्याला पुन्हा बदलली. पिशवीत शेंगदाणे होते, बाटलीही होती. सवयीनं भरली गेली. ओट्यापाशी पोचलो तेव्हा पाय मागे यायला लागले. खांदा दाबून धरला. सुमन अंगणात उकिडवी बसून तूर पाखडत होती. केस पांढरे झालेले कडेला. मला बघून सूप थांबलं, पण ती उठली नाही. मी उभ्यानं काही बोललो नाही. तिच्यासमोर मातीत उकिडवा बसलो. गुडघे वाजले.

ती सुपाकडे बघत म्हणाली, "गुडघा दुखत नही का तुमना?"

"दुखस. भूक लागनी शे माले."

सूप खाली ठेवलं तिनं. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग एकेक शब्द मोजून म्हणाली, "मना घर मूल नही, नाना. आते व्हनार बी नही."

"माले माहीत शे. मी जेवाले ऊनू."

ती आत गेली. मला वाटलं, परत येत नाही. मग आतून डब्यांचा आवाज आला. वांगी नव्हती. पिठलं केलं, भाकऱ्या टाकल्या. माझ्यासमोर ताट ठेवून ती भिंतीला टेकून बसली. रडली नाही, हसली नाही. मीठ जास्त झालं होतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पाण्यासाठी माझा हात पिशवीकडे गेला, बारा वर्षांची सवय. तिनं तो बघितला.

उठून तिनं पिशवीतून माझी बाटली काढली. अंगणात जाऊन लिंबाच्या बुडाशी उपडी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग आपल्या माठातून भरून आणली आणि झाकण न लावता माझ्या हातात दिली.