झरीच्या सामन्याआधीची चिठ्ठी

ताडकळसच्या आमच्या हुतूतू संघाचा मी कप्तान होतो. खेळण्यापेक्षा गडी सांभाळण्यातच माझा जीव जास्त जायचा. एखादा नावाजला की त्याला कुणीतरी पळवायचंच. पकडीचा आमचा पक्का गडी राणीसावरगावच्या एका जमीनदारानं बागेची राखण देऊन नेला होता. उरला चढाईचा गडी. तो दुसऱ्याच्या रानात सालानं राबायचा, पण एका दमात दोन-तीन गडी मारून परत यायचा.

तेव्हा राज्यकारभार उर्दूत चालायचा आणि कचेऱ्यांना शुक्रवारी सुट्टी असायची, म्हणून झरीशी सामना शुक्रवारी ठरला होता. त्याआधीच्या सोमवारी तो आमच्या किराणा दुकानात आला आणि चिठ्ठी पुढे केली.

"अप्पा, पूर्ण्याच्या रेल्वेतून आलीय. काय लिवलंय बघा की."

चिठ्ठी उर्दूत होती आणि संघात उर्दू मला एकट्यालाच वाचता यायची. इंजिनाच्या शेडमध्ये खलाशाची, म्हणजे हरकाम्या मजुराची, जागा होती, रेल्वेच्या संघात खेळायचं होतं. येत्या गुरुवारी सकाळी हजर व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं स्पष्ट लिहिलं होतं.

मी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणालो, "नोकरी द्यायलेत. पण ह्या न्हाई, पुढच्या गुरुवारी बोलावलंय."

"म्हंजी झरीशी खेळून जाता येतंय," तो म्हणाला. चिठ्ठी घडी करून त्यानं पटक्यात खोवली.

मंगळवारी सरावात तो असा खेळला की बघणारे घरी जाईनात. माझं मात्र लक्ष त्याच्या पटक्याकडे. उर्दू जाणणारे शाळेचे मास्तर परगावी गेले होते, ते आले आणि यानं त्यांना चिठ्ठी दाखवली तर? जेवताना बायकोनं दोनदा विचारलं, काय झालंय म्हणून.

बुधवारी दुपारी त्याची बायको दुकानात गूळ न्यायला आली.

"आठ दिवस हायत म्हणून जातं टाकी लावाय दिलंय, दगड गुळगुळीत झालाय," ती म्हणाली. "तिकडं खोली मिळंल का वो, अप्पा?"

मी गूळ तोलून दिला. ती गेली तसा मी दुकान बंद करून रानात गेलो. तो मोट हाकत होता.

"चिठ्ठी मी खोटी वाचली," मी म्हणालो. "उद्या सकाळी जायचंय तुला."

त्यानं बैल थांबवले.

"सामन्यासाठी?"

"हो."

"मला इचारलं असतं तर मीच थांबलो असतो का, कुणाला ठावं," तो म्हणाला आणि कासरा शेजारच्या गड्याच्या हातात दिला. मी गाडी जोडतो म्हणालो. "नको," एवढंच बोलून तो घराकडे निघाला. दिवस मावळायच्या आत त्यानं पूर्ण्याची वाट धरली.

शुक्रवारी झरीनं आम्हाला सपशेल हरवलं. तो का नाही, ते मी गड्यांना खरं सांगितलं. काहींना चिठ्ठी खोटी वाचल्याचा राग आला, काहींना शेवटी त्याला जाऊ दिल्याचा. कप्तानपद माझ्याकडून गेलं.

दसऱ्याला तो रजेवर आला. सोनं द्यायला दुकानात आला, इंजिनाविषयी बोलला, चहा घेतला. पूर्वी माझ्या पाया पडायचा. त्या दिवशी उभ्यानंच सोनं हातावर ठेवलं आणि गेला.